वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन स्वमग्नता चाचणी किती भरवशाची?

गेल्या काही अंकांपासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदललेला दिसतो. पूर्वी पालक लिहीत, ‘मूल बोलत नाही, काय करू?’ आता लिहितात, ‘मोबाइलवर चाचणी केली, इतके गुण आले, काय करू?’ प्रश्न तोच असला तरी मधे एक आकडा येऊन बसला आहे. त्या आकड्याने काही घरांतली झोप उडवली आहे, तर काही घरांना नको तितके निर्धास्त केले आहे. म्हणून या वेळी याच विषयावरची पाच पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील नेहमीप्रमाणे वगळला आहे. ‘स्वमग्नता’ आणि ‘ऑटिझम’ ही एकाच अवस्थेची दोन नावे, आणि दोन्ही शब्द पत्रांत येतात, त्यामुळे उत्तरांतही दोन्ही येतील.

प्रश्न : माझा मुलगा बावीस महिन्यांचा आहे. तो पाच-सहा शब्द बोलतो, पण हाक मारली तर दर वेळी वळून बघत नाही, आणि मिक्सर लावला की कान झाकून आतल्या खोलीत पळतो. मोबाइलवर वीस प्रश्नांची चाचणी भरली, तेव्हा सहा गुण आणि ‘मध्यम धोका’ असे आले. दुसऱ्या एका ठिकाणी जवळजवळ तेच प्रश्न भरले, तर ‘जास्त शक्यता, त्वरित थेरपी सुरू करा’ असे आले आणि खाली सहा महिन्यांच्या पॅकेजची किंमत होती. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही साडेतीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. घरात आम्ही मराठी बोलतो, शेजारी कोकणी आणि टीव्हीवरची कार्टून इंग्रजीत. कोणाचे खरे मानावे? (एक आई, डिचोली)

उत्तर : तुमच्या वर्णनावरून पहिली चाचणी ‘एम-चॅट-आर’ असावी. डायना रॉबिन्स, डेबोरा फाइन आणि मॅरिअन बार्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तिचे मूळ रूप २००१ साली प्रसिद्ध केले, तेव्हा तिच्यात २३ प्रश्न होते. आजची २० प्रश्नांची सुधारित चाचणी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे आणि अनेक देशांत बालरोगतज्ज्ञ ती वापरतात, त्यामुळे ती कोणी गंमत म्हणून तयार केलेली नाही एवढे तुम्ही धरून चालू शकता. अडचण अशी आहे की ही चाचणी दोन टप्प्यांची आहे आणि तुम्हाला त्यातला पहिलाच टप्पा मिळाला. ० ते २ गुण आले तर सध्या काळजीचे कारण कमी, ८ किंवा अधिक आले तर थेट तज्ज्ञांकडे, आणि ३ ते ७ आले तर दुसरा टप्पा, अशी तिची रचना आहे. दुसऱ्या टप्प्यात जाणकार व्यक्ती आईवडिलांशी बोलते आणि ज्या प्रश्नांवर गुण पडले तेवढेच प्रश्न उदाहरणे देऊन पुन्हा विचारते : मूल हाकेला वळत नाही म्हणजे कधीच वळत नाही, की हातात मोबाइल असतानाच वळत नाही? कान झाकते ते मिक्सरलाच, की पावसाच्या आवाजालाही? या बोलण्यानंतरही दोन किंवा अधिक प्रश्नांवर शंका उरली, तर मुलाला सविस्तर तपासणीसाठी पाठवतात. तुमचे सहा गुण म्हणजे अर्ध्यावर सोडलेले गणित आहे. ते ‘मध्यम’ आले म्हणून आजार मध्यम आहे असा अर्थ लावणारे पालक मला वरचेवर भेटतात. तसा अर्थ त्यात मुळीच नाही.

आता दोन्ही टप्पे नीट पार पाडले तर ही चाचणी किती खरी ठरते? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, सोळा हजारांहून अधिक लहान मुलांच्या अभ्यासात दोन्ही टप्प्यांनंतर ज्यांच्याबद्दल शंका कायम राहिली, त्यांच्यापैकी सुमारे ४७ टक्के मुलांना पुढे स्वमग्नतेचे निदान झाले. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना ती नव्हती. पण त्याच मुलांपैकी जवळजवळ ९५ टक्के मुलांच्या वाढीत कुठली ना कुठली अडचण किंवा उशीर आढळला. मला हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण चाचणीने धोक्याची घंटा वाजवली ती चुकीच्या नावाने असेल, पण विनाकारण क्वचितच वाजवली. संशोधकांच्या देखरेखीबाहेर, रोजच्या दवाखान्यांतल्या गर्दीत मात्र चित्र बरेच फिके होते. फिलाडेल्फियातल्या सुमारे २६,००० मुलांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुढे ज्यांना स्वमग्नतेचे निदान झाले, त्यांच्यापैकी जेमतेम ३९ टक्के मुले या चाचणीने आधी हेरली होती, आणि चाचणीने शंका दाखवलेल्या मुलांपैकी स्वमग्नता निघाली ती सुमारे १५ टक्क्यांमध्ये. तिथेही दुसऱ्या टप्प्यातली मुलाखत अनेकदा झालीच नव्हती. डॉक्टरांच्या हाती असताना असे होत असेल, तर रात्री अकरा वाजता मुलाला झोपवून, डोळ्यांत पाणी घेऊन एकट्या आईने भरलेल्या चाचणीचा निकाल किती जपून घ्यावा, हे वेगळे सांगायला नको.

असे का होते, हे समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करून पाहू. हजार मुले आहेत आणि त्यांतल्या दहांना स्वमग्नता आहे असे धरा. चाचणी चांगली आहे. ती दहांपैकी आठ मुले ओळखते आणि स्वमग्नता नसलेल्या दर दहा मुलांत एकाबद्दलच चुकते. तरीही उरलेल्या ९९० मुलांत ९९ चुकीच्या शंका निघतील. एकूण १०७ घरांत ‘धोका’ असे पान उघडेल आणि त्यांतल्या आठच घरांत ते खरे असेल. दोष चाचणीचा कमी आणि गणिताचा जास्त आहे : शोधायची गोष्ट विरळ असली की चाळणीत इतरच पुष्कळ अडकते. हजारात दहा हा आकडाही मी हवेतून उचललेला नाही. भारतातल्या पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांचा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला आणि त्या पाचांत आपला उत्तर गोवाही होता. त्यात स्वमग्नतेचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आढळले. मात्र ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, अपस्मार, बोलण्यातल्या व शिकण्यातल्या अडचणी अशा सगळ्या मिळून वाढीशी निगडित काहीतरी समस्या असलेली मुले शेकडा बाराच्या घरात होती. म्हणूनच तुमच्या मुलाची पहिली तपासणी कानांची व्हायला हवी. हाकेला न वळणाऱ्या मुलाबद्दल ‘त्याला ऐकू येत नसेल का, अशी शंका तुम्हाला कधी आली होती का?’ हा प्रश्न त्या चाचणीत दुसऱ्याच क्रमांकावर आहे, तो उगाच नाही. मिक्सरला कान झाकतो, म्हणजे ऐकू येतेच, असा निष्कर्षही काढू नका. काही आवाज ऐकू येणे आणि बोलण्यातले सगळे स्वर-व्यंजन नीट ऐकू येणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन ठिकाणी दोन निकाल का आले? त्या वीस प्रश्नांपैकी सतरा प्रश्नांत ‘नाही’ या उत्तराला गुण पडतो, पण दुसऱ्या, पाचव्या आणि बाराव्या प्रश्नांत ‘हो’ला गुण पडतो. मूळ चाचणी उचलून आपल्या पानावर ठेवणाऱ्याने एवढे जरी पाहिले नसेल, तरी निकाल बिघडतो. त्यात भाषांतराची भर पडते. एका पालकांनी मला दाखवलेल्या मराठी पानावर ‘मूल बोट दाखवते का?’ असे असायला हवे होते, तिथे ‘मूल मुद्दा दाखवते का?’ असे छापले होते. त्या बिचाऱ्यांनी ‘नाही’ लिहिले. दीड वर्षाचे मूल मुद्दा कुठून दाखवणार! बारावा प्रश्न रोजच्या आवाजांचा आहे आणि त्यात उदाहरण घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचे आहे. आपल्याकडे तिथे मिक्सर किंवा चवथीच्या आरतीतले घुमट-कासाळे घालून विचार करावा लागतो. आणि ज्या पानावर निकालाखालीच उपचाराची किंमत लिहिलेली असते, त्या पानाचा निकाल मी विचारातच घेत नाही. तपासणारा आणि विकणारा एकच असला की तराजूवर कोणाचा अंगठा आहे, हे तुम्ही जाणताच.

सासूबाईंचे म्हणणे प्रेमापोटी आहे, पण त्यावर विसंबू नका. काही मुले उशिरा बोलतात हे खरे. मात्र बापाला उशीर झाला म्हणून मुलाचा उशीर आपोआप निरुपद्रवी ठरत नाही. शिवाय या वयात मी शब्दांपेक्षा दुसरीच गोष्ट आधी पाहते. फेरीबोटीत उभे असताना पलीकडून दुसरी बोट आली, तर तुमचा मुलगा तिच्याकडे बोट दाखवून मग तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो का? ‘आई, तू पण बघितलीस ना?’ असे त्याच्या नजरेत असते का? चवथीत तुम्ही गणपतीवर टांगलेल्या माटोळीतल्या एखाद्या फळाकडे बोट दाखवले, तर तो तुमच्या बोटाकडे पाहत राहतो, की बोट जिथे दाखवते आहे तिथे पाहतो? हवे ते मिळवण्यासाठी बोट दाखवणे आणि आनंद वाटून घेण्यासाठी बोट दाखवणे यांत मोठा फरक आहे, आणि ‘एम-चॅट-आर’मध्येही या दोन्हींसाठी वेगवेगळे प्रश्न आहेत. घरातल्या दोन-तीन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही, आणि मूल गोंधळेल या भीतीने एखादी भाषा बंद करण्याचीही गरज नाही. शब्द मोजताना मात्र सगळ्या भाषांतले मिळून मोजा. ‘पाणी’ एक आणि ‘उदक’ दुसरे.

तेव्हा माझा सल्ला असा की निकालाचा आकडा विसरा आणि उत्तरे जपून ठेवा. ज्या सहा प्रश्नांवर गुण पडले, ते एका वहीत लिहा आणि प्रत्येकाखाली घरातला एक प्रसंग, तारीख आणि तेव्हा आजूबाजूला काय चालले होते ते लिहा. मुलगा खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर असे दोन-तीन मिनिटांचे तीन व्हिडिओ काढा. दवाखान्यात मुले घरच्यासारखी वागत नाहीत. हे घेऊन याच महिन्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि कानांची तपासणी मागून घ्या. ‘तीन वर्षांपर्यंत थांबून पाहू’ असे उत्तर मिळाले, तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात दुसरे मत घ्या.

निदान ठरेपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. मुलाच्या समोर जमिनीवर बसून, तो ज्यात रमला आहे त्यातच सामील होऊन, कमी बोलून आणि त्याच्या प्रतिसादासाठी थांबून खेळणे हे कोणत्याही निदानात हिताचेच आहे. पालकांना याच रीतीने शिकवण्याचा एक काटेकोर प्रयोग गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एकाच वेळी झाला. गोव्यातली बाजू ‘संगत’ या संस्थेने सांभाळली. स्वमग्नता असलेल्या ६५ मुलांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली आले. शिकवणारे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, तरीही पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागली.

प्रश्न : माझी नात दोन वर्षे आठ महिन्यांची आहे. दीड वर्षाची असताना ती ‘आबा’, ‘दूध’, ‘भूभू’ असे म्हणत असे. गेल्या चार महिन्यांत हे सगळे शब्द गेले आणि ती एकटीच झाकणे फिरवत बसते. सुनेने ऑनलाइन चाचणी केली, त्यात दोन गुण म्हणजे ‘कमी धोका’ आला, आणि आता विषय संपला असे ती म्हणते. मी म्हातारा माणूस. यात पडावे का? (एक आजोबा, फोंडा)

उत्तर : आजोबा, अवश्य पडावे, आणि याच आठवड्यात पडावे. आलेले शब्द जाणे ही अशी खूण आहे की तिच्यापुढे कोणत्याही चाचणीचा कोणताही आकडा मी पाहत नाही. अशा मुलीची कानांची, मेंदूविकाराच्या दृष्टीने आणि वाढीच्या दृष्टीने तपासणी व्हायलाच हवी. झोपेत किंवा जागेपणी तिला झटके येतात का, ती क्षणभर हरवल्यासारखी होते का, हेही पाहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

सूनबाईंनी भरलेली चाचणी तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी असेल, तर बत्तीस महिन्यांच्या मुलीला ती लागूच नव्हती. लागू असती तरी फरक पडला नसता. वर लिहिलेल्या फिलाडेल्फियाच्या अभ्यासात पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्या दहांपैकी सहा मुलांच्या चाचणीत आधी काहीच खटकले नव्हते. वाढलेल्या आकड्याने घाबरलेले पालक निदान दवाखान्यात तरी येतात. कमी आकड्याने निर्धास्त झालेले घरीच राहतात. म्हणून मला कमी गुणांची पत्रे अधिक अस्वस्थ करतात. मुलींच्या बाबतीत तर जास्तच, कारण स्वमग्नतेची नोंद मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा तिपटी-चौपटीने अधिक होते आणि ‘मुलगी आहे, शांत स्वभावाची आहे’ असे म्हणून पुष्कळ मुली सुटून जातात.

सुनेशी बोलताना चाचणी चुकीची आहे असा वाद घालू नका. तिने काळजीपोटीच ती भरली होती आणि निकालाने तिला हायसे वाटले आहे. ते हायसे वाटणे हिरावून घेणारा माणूस कोणालाच आवडत नाही. ‘पूर्वी ती मला आबा म्हणायची, आता म्हणत नाही, मला चैन पडत नाही, एकदा माझ्या समाधानासाठी दाखवून येऊ’ असे म्हणा. पूर्वीचा एखादा व्हिडिओ फोनमध्ये असेलच, त्यात तिचा तो शब्द असेल. तो डॉक्टरांना दाखवा. गेलेला शब्द पूर्वी होता, याचा तेवढा पुरावा पुरे.

प्रश्न : आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. इंटरनेटवर भारतीय स्वमग्नता मापनश्रेणी मिळाली. मी आणि पत्नीने बसून ती भरली, ८८ गुण आले, म्हणजे सौम्य. त्याची छापील प्रत शाळेत दिली, तर शाळा म्हणते, सरकारी प्रमाणपत्र आणल्याशिवाय पुढच्या वर्षी प्रवेश नाही. आमचा कागद चालणार नाही का? (एक वडील, पेडणे)

उत्तर : तो कागद चालणार नाही, पण शाळेचे म्हणणेही बरोबर नाही. ही मापनश्रेणी सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ साली तयार केली. तिच्यात चाळीस मुद्दे असून प्रत्येकाला एक ते पाच गुण असतात. ७० ते १०६ गुण सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र असे तिचे टप्पे आहेत. ती घरबसल्या भरण्याची प्रश्नावली नाही. प्रशिक्षित व्यक्तीने मुलाला प्रत्यक्ष पाहून, त्याच्याशी खेळून आणि पालकांना विचारून ती भरायची असते. ‘क्वचित’ आणि ‘वारंवार’ यांतली रेषा आईवडील आणि परीक्षक वेगवेगळ्या ठिकाणी ओढतात, आणि चाळीस मुद्द्यांवर एकेक गुण इकडे-तिकडे झाला तरी टप्पा बदलतो. दिव्यांगता प्रमाणपत्र सरकारने नेमलेले वैद्यकीय प्राधिकरणच देते, त्याचा अर्ज स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावरून करता येतो, आणि कायद्याने ठरवलेल्या बऱ्याच सवलतींसाठी निदान ४० टक्के दिव्यांगता असावी लागते.

शाळेबद्दल सांगायचे तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नता ही एकवीस दिव्यांगतांपैकी एक म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे, आणि सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असे त्याच कायद्याचे सोळावे कलम सांगते. मुख्याध्यापकांना हे लेखी, सौम्य भाषेत कळवा. आणि प्रमाणपत्राचा विचार मुलाला मिळणाऱ्या मदतीसाठी करा. शाळेच्या धाकाने नको.

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांचा आहे, पणजीत नोकरी करतो. लग्नासाठी स्थळे येत आहेत. लोकांत मिसळणे मला नेहमीच जड जाते. पन्नास प्रश्नांची एक ऑनलाइन चाचणी भरली, ३६ गुण आले आणि ‘ऑटिझमची दाट शक्यता’ असे लिहून आले. घरी सांगावे का? मुलीकडच्यांना सांगणे बंधनकारक आहे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : तुम्ही भरलेली चाचणी केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची असणार. २००१ च्या त्यांच्या मूळ अभ्यासात स्वमग्नतेचे निदान आधीच झालेल्या प्रौढांपैकी सुमारे ८० टक्के लोकांना ३२ किंवा त्याहून अधिक गुण पडले, आणि सर्वसाधारण लोकांपैकी फक्त २ टक्क्यांना. हे वाचून ३६ म्हणजे जवळजवळ पक्केच, असे वाटणे साहजिक आहे. पण निदान झालेले आणि नसलेले असे दोन गट आधीच वेगळे करून ठेवले होते. स्वतःबद्दल शंका आलेले लोक चाचणी भरतात, तेव्हा ती कशी वागते, हा वेगळाच प्रश्न आहे. ब्रिटनमधल्या एका निदान केंद्राकडे शंका म्हणून आलेल्या ४७६ प्रौढांचा अभ्यास २०१६ साली आला. त्यात स्वतः भरलेल्या गुणांवरून निदानाचा अंदाज बांधता आला नाही. ज्यांचे गुण रेषेखाली होते, त्यांच्यापैकीही ६४ टक्के लोकांना स्वमग्नता निघाली, आणि सतत चिंतेचा विकार असलेल्यांचे गुण विनाकारण वाढलेले आढळले. लोकांत जाण्याआधी पोटात गोळा येणारा माणूस आणि लोकांचे संकेतच न उमगणारा माणूस, दोघेही ‘मला समारंभ आवडत नाहीत’ यावर एकच खूण करतात.

तेव्हा आकडा सांगण्यासारखा नाही, म्हणून तो ना घरी सांगायचा आहे ना मुलीकडे. तुम्हाला जे जड जाते ते मात्र सांगण्यासारखे आहे. बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत किंवा तुमच्या सोयीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे वेळ घ्या. प्रौढांचे निदान करताना बालपणाची माहिती लागते, त्यामुळे आईची मदत लागेलच. तिला ‘मी लहानपणी कसा होतो?’ एवढेच विचारून सुरुवात करा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे कायद्याने उत्तर देणारी मी नव्हे. माझे मत विचाराल तर निदान होण्याआधी सांगण्यासारखे काही नाही, आणि झाले तर लपवण्यासारखे काही नाही. तोपर्यंत स्थळे दोन-तीन महिने थांबली तरी चालतील.

प्रश्न : मुलाचा व्हिडिओ टाकला की चेहरा आणि नजर पाहून ऑटिझम आहे का ते सांगणारे ॲप आहे, असे बहिणीने कळवले. आम्ही सत्तरी तालुक्यात राहतो, पणजीला वारंवार जाणे जमत नाही. ते वापरू का? (एक आई, वाळपई)

उत्तर : मुलाचा व्हिडिओ अनोळखी ठिकाणी पाठवू नका. तो कुठे साठवला जातो, कोण पाहतो आणि पुढे कशासाठी वापरला जातो, हे तुम्हाला कळणार नाही.

यंत्राच्या मदतीने निदान ही कल्पना मुळात खोटी नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ साली असे एक साधन १८ ते ७२ महिन्यांच्या, वाढीबद्दल शंका असलेल्या मुलांसाठी मान्य केले. पालकांची प्रश्नावली, मुलाचे व्हिडिओ आणि डॉक्टरांची निरीक्षणे एकत्र पाहून ते अनुमान काढते, आणि तेही डॉक्टरांना मदत म्हणून. मला त्यात सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ४२५ मुलांच्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मुलांबद्दल ते ‘सांगता येत नाही’ एवढेच म्हणाले. एवढी चाचपणी झालेले साधन दहांपैकी सहा-सात वेळा गप्प बसते, आणि फुकटचे ॲप कधीच गप्प बसत नाही. ॲप पारखण्याची ही एक सोपी रीत समजा : ज्याला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही, त्याचे ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही सोडून द्या.

तुमच्यासाठी जवळचा रस्ता अंगणवाडीतून जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासते आणि वाढीतला उशीर हा त्याच्या तपासणीचा भाग आहे. शंका आली तर तेच पथक मुलाला जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवते, आणि हे सगळे विनामूल्य आहे. पथक कोणत्या दिवशी येणार, हे अंगणवाडी सेविकेला विचारा. ते नुकतेच येऊन गेले असेल, तर पुढच्या फेरीची वाट न पाहता जवळच्या आरोग्य केंद्रातून जिल्हा इस्पितळासाठी चिठ्ठी मागा. ॲपवर टाकणार होता तो व्हिडिओ फोनमध्येच असू द्या, आणि जाताना फोन चार्ज करून न्या.